शिह त्झूच्या डोळ्यांखालचे तांबूस डाग आणि घरच्या घरी चेहरा पुसणं

तुमचा प्रश्न असा: कुकी दोन वर्षांची, पांढरी-सोनेरी, शिह त्झू जातीची कुत्री. दोन्ही डोळ्यांखाली नाकाच्या कडेने तांबूस पट्टे, सकाळी कोपऱ्यात चिपडं, आणि पुसायला हात पुढे केला की गुरगुर. खोबरेल तेल लावून झालं, गुलाबपाणी झालं, सासूबाईंनी सांगितलेलं बोरिक पावडरचं पाणीही झालं. आता डाग घालवणारी पावडर ऑनलाइन मागवू का, आणि आंघोळीच्या वेळी शाम्पूनेच तोंड धुतलं तर चालेल का?

आधी झटपट उत्तरं. बोरिक आजपासून बंद. शाम्पू तोंडाला नको. पावडर मागवू नका. आणि डाग जाईल की नाही ही काळजी तूर्त बाजूला ठेवा. दवाखान्यात डोळा बिघडवून येणारी बरीच शिह त्झू आणि पॉमेरेनियन मंडळी डागाने आजारी नसतात, डाग घालवायच्या उपायांनी आजारी पडलेली असतात.

डाग म्हणजे मळ नव्हे. तांबड्या रक्तपेशी जुन्या होऊन मोडतात तेव्हा शरीरात पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्यं तयार होतात. कुत्र्यांमध्ये ती काही प्रमाणात अश्रू, लाळ आणि लघवीतूनही बाहेर पडतात. केस सतत ओले राहिले की हा रंग त्यांत मुरतो आणि उजेडाने आणखी गडद होतो. कुकी पंजे चाटत असेल तर तिथले केसही तसेच तांबूस दिसतील, पाहा. काळ्या लॅब्रेडॉरच्या अश्रूंतही हेच असतं, फक्त दिसत नाही. म्हणजे रंगलेला केस घासून पांढरा होणार नाही. तो कापायचा किंवा वाढून जाऊ द्यायचा, आणि नवा केस ओला राहणार नाही एवढं पाहायचं.

आता खरा प्रश्न: केस ओला का राहतोय? अश्रू डोळ्यात तयार होतात आणि पापण्यांच्या आतल्या कोपऱ्यातल्या दोन बारीक छिद्रांतून नळीवाटे नाकात उतरतात. शिह त्झू, पग, ल्हासा अशा चपट्या तोंडाच्या जातींत डोळ्याची खोबण उथळ असते, डोळा बाहेर आलेला असतो, खालची पापणी नाकाच्या बाजूला थोडी आत वळलेली असते. त्यामुळे ते छिद्र दाबलं जातं आणि पाणी गालावर ओघळतं. त्यात शिह त्झूला आणखी एक खोड असते: डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या गुलाबी मांसल उंचवट्यावरच बारीक केस उगवतात. हे केस समईतल्या वातीसारखं काम करतात, डोळ्यातलं पाणी शोषून बाहेर चेहऱ्यावर आणून सोडतात. कितीही पुसा, वात तिथेच आहे. असे केस काढायचे तर ते डॉक्टरांनीच, भिंगाखाली.

नळी मोकळी आहे की नाही हे पाहायला सोपी तपासणी आहे. डोळ्यात फ्लुरेसीन नावाच्या पिवळसर-हिरव्या रंगाचा थेंब टाकतात आणि काही मिनिटांत तो रंग नाकपुडीत दिसतो का ते पाहतात. चपट्या तोंडाच्या कुत्र्यात नळी कधीकधी घशाच्या बाजूला उघडते, म्हणून जिभेवरही रंग शोधावा लागतो. तोच रंग बुबुळावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, जखम असेल तर तिथे चिकटून हिरवा चमकतो, म्हणजे एका थेंबात दोन गोष्टी कळतात. कुकीची ही तपासणी झालेली नसेल तर एकदा करून घ्या. वाइप्सच्या सहा पाकिटांपेक्षा तिचा उपयोग जास्त.

चिपडांबद्दल. झोपून उठल्यावर कोपऱ्यात थोडंसं तपकिरी किंवा करड्या रंगाचं, वाळलेलं, खपलीसारखं चिपड असणं यात काही नाही, ते तुमच्या-माझ्याही डोळ्यात असतं. पाण्यासारखा अश्रू आणि असं चिपड एवढंच असेल, डोळा टपोरा उघडा असेल, चमकत असेल, तर घरी पुसत राहा. पण चिपड पिवळं-हिरवं, चिकट, तारेसारखं लांबणारं असेल आणि पुसल्यावर तासा-दोन तासांत परत येत असेल, तर तो बहुतेक वेळा ‘डोळे आले’ हा प्रकार नसतो. शिह त्झूमध्ये मला पहिली शंका येते ती कोरड्या डोळ्याची. शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रुग्रंथींवर उलटते, पाणी कमी पडतं आणि त्या जागी चिकट स्राव साचतो. लोकांना वाटतं डोळ्यातून इतकं येतंय म्हणजे डोळा ओलाच आहे! मग महिनोन् महिने प्रतिजैविकाचे थेंब चालू राहतात, थेंब चालू असेपर्यंत बरं वाटतं, बंद केले की परत तेच. दरम्यान बुबुळावर काळसर थर चढत जातो.

याचीही तपासणी साधी आहे. पापणीत कागदाची बारीक पट्टी १ मिनिट धरायची आणि ती किती मिलिमीटर ओली झाली ते मोजायचं. १५ किंवा त्याहून जास्त असेल तर ठीक, १० च्या खाली असेल तर कोरडा डोळा जवळपास नक्की, मधल्या आकड्यांत लक्षणं पाहून ठरवायचं. ही पट्टी डोळ्यात काहीही घालण्याआधी लावावी लागते, म्हणून दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळी डोळे धुऊ नका, थेंब घालू नका. निदान झालं तर सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमसचं मलम लागतं आणि बहुतेकांना ते आयुष्यभर लागतं. हे ऐकून मालकांचा चेहरा पडतो, पण वेळेत सुरू केलं तर कुत्रा चांगला राहतो.

आता पुसण्याकडे वळू. सामान असं ठेवा: मेडिकलमधून निर्जंतुक गॉजचे तुकडे, ०.९ टक्क्यांच्या नॉर्मल सलाईनची १०० मिलीची बाटली, सुई नसलेली ५ किंवा १० मिलीची सिरिंज, उवांच्या फणीसारखी बारीक दातांची फणी, एक मऊ कोरडा नॅपकिन. मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून ५०० मिलीची घेऊ नका. सलाईनमध्ये जंतू रोखणारं काही घातलेलं नसतं, एकदा उघडली की ती २४ तासांत टाकून द्यायची. नुसते डोळ्याबाहेरचे केस आणि कातडी पुसायची असेल तर उकळून कोमट केलेलं पाणीही चालतं, रोज सलाईन हवंच असं नाही. घरी मीठ-पाणी करणार असाल तर १ लिटर उकळलेल्या पाण्याला ९ ग्रॅम मीठ, आणि तेही काट्यावर मोजून. ‘चमचाभर’ हे माप इथे नको. जास्त खारट पाणी डोळ्याला झोंबतं आणि कुकी पुढच्या वेळी तुम्हाला जवळही येऊ देणार नाही.

कापूस नको, त्याचे तंतू पापण्यांना चिकटतात आणि डोळ्यात जातात. टिश्यू पेपर खरखरीत असतो. इअरबड डोळ्याच्या आसपास आणायचाच नाही, कुत्र्याने मान हलवली की संपलं. बाळांचे ओले वाइप्स लोक सर्रास वापरतात. त्यांत सुगंध आणि टिकवणारी रसायनं असतात, काहींत अल्कोहोल असतं. पंजे पुसायला वापरा हवं तर, डोळ्याला नाही.

हात धुवा, नखं कापलेली असू द्या, आणि चांगल्या उजेडात बसा. पुसण्याआधी बघा. दोन्ही डोळे सारखे उघडे आहेत का, दोन्ही बाहुल्या एकाच आकाराच्या आहेत का, पांढरा भाग लाल आहे का, बुबुळावर धुरकट निळसर काही आहे का, कोपऱ्यातून गुलाबी किंवा लाल मांस वर आलंय का. हे रोज अर्धा मिनिट पाहणं हा पुसण्याचा निम्म्याहून अधिक फायदा आहे, कारण काल नव्हतं ते आज आलं तर तुम्हालाच सर्वांत आधी कळतं.

मग गॉज कोमट सलाईनमध्ये चिंब भिजवून, हलकंसं पिळून, मिटलेल्या डोळ्याखालच्या चिपडावर नुसतं टेकवून ठेवा. दाबायचं नाही, घासायचं नाही. १ ते २ मिनिटं. खूप वाळलेलं असेल तर दुसरं ओलं गॉज घेऊन परत. सगळे इथेच घाई करतात. वाळलेलं चिपड खरवडून काढलं की केसांबरोबर कातडी सोलली जाते, खाली लाल ओली जागा तयार होते आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागेवर आणखी मोठं चिपड. भिजलं की ते आपोआप सुटतं. मग आतल्या कोपऱ्यापासून खाली आणि बाहेर, केसांच्या दिशेने, डोळ्यापासून दूर जाणाऱ्या एका हाताने पुसायचं. परत तोच तुकडा नाही, नवा घ्या. आधी चांगला डोळा, मग घाण असलेला, आणि दोन्हीला वेगवेगळे तुकडे. केसांत अडकलेले कण फणीने काढा. फणीचे दात नेहमी डोळ्याच्या उलट दिशेला, आणि तुमचा अंगठा डोळा आणि फणी यांच्या मध्ये.

शेवटी कोरडं करा. हे वाचून पुढे जाऊ नका, हेच लोक विसरतात. ओला केस तसाच राहिला तर रंग आणखी चढतो, त्यात यीस्ट वाढतं, आंबूस वास येतो, आणि मग ‘डॉक्टर, आम्ही दिवसातून चार वेळा पुसतो तरी!’ असं होतं. दिवसातून एकदा, सकाळी, नीट कोरडं करून पुसलेलं चार वेळा ओलं करून सोडण्यापेक्षा कितीतरी चांगलं. शिह त्झूला रोज एकदा पुरे. लॅब्रेडॉरला गरज दिसेल तेव्हा. आपल्या गावठी कुत्र्यांना बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही, लांब नाक आणि आखूड केस हे त्यांचं भाग्य.

डोळ्याच्या आत पाणी सोडायची रोज गरज नाही. धूळ गेली, रंग गेला, शाम्पू गेला, तरच. खालची पापणी बोटाने हलकी खाली ओढायची, कुत्र्याच्या मागून किंवा बाजूने सिरिंज आणायची, आणि आतल्या कोपऱ्यावर सलाईन हळूहळू सोडत बाहेर वाहू द्यायचं. बुबुळावर सरळ पिचकारी मारायची नाही. सिरिंजचं टोक डोळ्याला लागता कामा नये.

आता गुरगुरणं. पहिली गोष्ट, गुरगुरली म्हणून रागावू नका. गुरगुरणं दाबलं की पुढच्या वेळी ती न सांगता चावेल. दुसरी, ती एकाच डोळ्याला हात लावल्यावर गुरगुरते का ते पाहा. तसं असेल तर तिथे दुखतंय, आणि तो स्वभावाचा नाही, दवाखान्याचा प्रश्न आहे. दोन्हीकडे सारखीच चिडत असेल तर तिला आजवरच्या झोंबणाऱ्या उपायांची आठवण आहे. तुम्ही लावलेल्या गोष्टींची यादी पाहता मला तिची बाजू पटते.

आठवडाभर पुसूच नका. फक्त एवढं करा: ती शांत असताना तिच्या शेजारी बसा, समोरून वाकून नाही. हनुवटीखाली तळहात धरा, एक-दोन सेकंद, लगेच खाऊ. मग तळहातावर हनुवटी टेकून ती थोडा वेळ थांबायला लागली की दुसऱ्या हाताने गालाला स्पर्श, खाऊ. मग कोरडं गॉज गालाला. मग ओलं. ताटलीला पातळ दही फासून समोर धरणारा दुसरा माणूस असेल तर काम फार सोपं होतं. पीनट बटर वापरत असाल तर डब्यावर झायलिटॉल लिहिलंय का ते वाचा, ते गोड द्रव्य कुत्र्याला विषारी आहे.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका: मानेची कातडी किंवा गळपट्टा आवळून धरणं. या जातींची खोबण इतकी उथळ असते की मानेवर जोर आला, कुत्र्याने हिसका दिला, तर डोळा खोबणीतून बाहेर येऊ शकतो. पग, पेकिनीज, शिह त्झूमध्ये हे होतं. तसं कधी झालंच तर डोळा आत ढकलायचा नाही, सलाईनमध्ये भिजवलेलं गॉज त्यावर ठेवायचं, सतत ओलं ठेवायचं, पंजा लागू द्यायचा नाही आणि त्याच क्षणी दवाखान्याकडे निघायचं. धरल्याशिवाय पुसता येत नसेल तर नका पुसू, ग्रूमर किंवा डॉक्टरकडून करून घ्या.

केस कापण्याबद्दल. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळचे आणि नाकाच्या वरच्या बाजूचे केस आखूड ठेवले तर निम्मा त्रास कमी होतो. टोकाला बोथट असलेली कात्री घ्या, कापताना फणी डोळ्याच्या बाजूला आडवी धरा आणि कात्री फणीच्या बाहेरच ठेवा. कुत्री जागची हलत असेल तर कात्री खाली ठेवा. डोक्यावर शेंडी बांधत असाल तर सैल. घट्ट शेंडीने कपाळाची कातडी ओढली जाते, पापण्या नीट मिटत नाहीत. या जाती तसंही झोपेत डोळे अर्धवट उघडे ठेवतात आणि बुबुळ कोरडं पडतं.

शाम्पूबद्दल तुम्ही विचारलंत. आंघोळ घातल्याच्या दुसऱ्या दिवशी एक डोळा मिटून बसलेला कुत्रा हे आमच्या कामातलं नेहमीचं चित्र आहे. शाम्पूने बुबुळाचा वरचा थर जळतो आणि जखम होते. त्वचेच्या बुरशीसाठी दिलेल्या शाम्पूंत क्लोरहेक्सिडीन असतं, ते तर डोळ्यात जाताच कामा नये. म्हणून शाम्पू मानेपासून मागे, तोंड फक्त ओल्या फडक्याने. चुकून गेलाच तर ताबडतोब सलाईनने किंवा हाताशी असेल त्या स्वच्छ साध्या पाण्याने भरपूर वेळ, १० ते १५ मिनिटं, धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. ड्रायरची गरम हवा डोळ्यावर नको. ग्रूमरलाही हे स्पष्ट सांगा, संकोच करू नका.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांच्या बुबुळाला संवेदना कमी असते. जिथे डॉबरमन कळवळेल तिथे शिह त्झू शेपटी हलवत जेवायला येते. ‘पण ती तर व्यवस्थित खेळतेय’ यावर म्हणूनच मी विसंबत नाही.

घरगुती उपायांचं. बोरिक पावडर पाण्यात पूर्ण विरघळली नाही तर तिचे कण बुबुळाला ओरखडे काढतात, आणि तोंडावर लावलेलं सगळं कुत्रं अखेर चाटतंच. बोरिक पोटात जाणं चांगलं नाही. गुलाबपाणी बाजारात मिळतं ते निर्जंतुक नसतं, त्यात सुगंध घातलेला असू शकतो. खोबरेल तेलाने केस चिकट होतात, त्यावर धूळ बसते आणि ओल अडकते. व्हिनेगर, लिंबू, हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी डाग फिका करायचे व्हिडिओ फिरत असतात. डोळ्यापासून बोटभर अंतरावर आम्ल किंवा ब्लीच लावण्याचं धाडस निदान मी तरी करणार नाही. टी ट्री ऑइल कुत्र्यांना विषारी. काजळ, मध, हळद, चहाचं पाणी, दूध यांतलं काहीही डोळ्यात नको. लेन्सचं सोल्युशन म्हणजे सलाईन नव्हे, काही बाटल्यांत चक्क पेरॉक्साइड असतं. बाटलीबंद पाणी पाजलं की डाग जातात म्हणतात. त्यात मला फारसा दम वाटत नाही, पण नुकसानही नाही.

डाग घालवणाऱ्या पावडरीबद्दल: अशा काही उत्पादनांत टायलोसिन हे गुराढोरांत वापरलं जाणारं प्रतिजैविक सापडलं होतं, आणि २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मंजुरी नसलेलं टायलोसिन वापरणाऱ्या उत्पादकांना इशारापत्रं पाठवली. त्याने डाग कमी होतात हे खरं. पण केसांचा रंग बदलण्यासाठी कुत्र्याला महिनोन् महिने प्रतिजैविक खाऊ घालायचं, हे मला पटत नाही. पुढे खरोखर संसर्ग झाला तर काय वापरणार? तुम्ही पाहिलेल्या पावडरीच्या पाकिटावर घटकच छापलेले नसतील तर तेवढ्यावरूनच नाही म्हणा.

या सगळ्याहून जास्त नुकसान मी पाहिलंय ते घरात उरलेल्या थेंबांनी. आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असतं, फ्रिजच्या दारात बाटली असते, ‘डोळ्याचाच तर थेंब आहे’ म्हणून कुत्र्याला घातला जातो. ऑपरेशननंतर देतात त्या थेंबांत बहुधा डेक्सामेथासोन किंवा प्रेड्निसोलोनसारखं स्टेरॉइड असतं. कुत्र्याच्या बुबुळावर जखम असेल तर स्टेरॉइड ती भरू देत नाही, उलट खोल करतं. बुबुळ जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतं. तिथे भोक पडायला वेळ लागत नाही. लालसरपणा मात्र स्टेरॉइडने लगेच कमी होतो, त्यामुळे मालकाला वाटतं गुण आला. कुत्र्याचे म्हणून मिळणारे थेंबही रंग टाकून जखम नाही याची खात्री केल्याशिवाय घालू नयेत.

पग किंवा बुलडॉग असलेले वाचक असतील तर त्यांच्यासाठी नाकावरची घडी. अंगठ्याने ती वर उचला, आत बघा, वास घ्या. तपकिरी मेणचट थर आणि आंबट वास म्हणजे यीस्ट, लालभडक ओली कातडी म्हणजे घडीतला दाह. निरोगी घडी ओलसर गॉजने एकदा पुसायची आणि दुसऱ्या कोरड्या गॉजने पूर्ण टिपायची. टाल्कम पावडर नको, ती ओलीत गुठळ्या होऊन बसते. घडीवरचे केस डोळ्याला घासत असतील किंवा पगच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने काळसर पडदा सरकत येताना दिसत असेल, तर वाट पाहू नका, तो पुढे बाहुलीवर येतो.

कॉकर, सेंट बर्नार्ड यांच्या ओठांच्या घडीत जेवणानंतर अन्न साचतं. पुसून कोरडं करा, झालं.

आपल्याकडच्या काही खास गोष्टी. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर, टेकड्यांवरचं गवत वाळतं आणि कुसळं होतात. कुत्रं गवतात तोंड खुपसून पळतं आणि कुसळ तिसऱ्या पापणीच्या, म्हणजे कुत्र्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात असलेल्या पातळ पडद्याच्या, मागे जाऊन बसतं. फिरून आल्यावर अचानक एकच डोळा मिटला, पाणी वाहू लागलं, पंजाने चोळायला लागला, तर आत कुसळ आहे असंच धरून चाला. एकदा सलाईनने धुऊन पाहा. नाही निघालं तर चिमट्याने खोदू नका, कुत्र्याच्या गळ्यात कोन (पंजा डोळ्याला लागू नये म्हणून घालतात ती शंकूसारखी कॉलर) घालून दवाखान्यात न्या.

होळी-रंगपंचमीला कोरडा रंग तोंडावर पडला तर लगेच पाणी ओतू नका, आधी मऊ फडक्याने झटकून घ्या, मग सलाईन. रंग डोळ्यात गेला असेल तर मात्र थेट धुवायला लागा.

पापणीवर गोचीड बसली तर रॉकेल, पेट्रोल, काडीचा चटका यांतलं काही नको. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, पापणीच्या अगदी कडेवर असेल तर डॉक्टरांकडून काढून घ्या. आधी ती गोचीडच आहे ना हे भिंगातून पाहा. म्हाताऱ्या कुत्र्यांना पापणीच्या कडेला बारीक गाठी येतात, आणि गोचीड समजून त्या उपटणारे लोक मी पाहिलेत. गोचीड तापात डोळ्याच्या आत सूज किंवा रक्त येऊ शकतं, म्हणून गोचिड्या झालेल्या कुत्र्याचे डोळे लाल किंवा धुरकट झाले तर रक्ततपासणी करा, नुसते थेंब नकोत.

रस्त्यावरून उचलून आणलेल्या पिल्लाचे डोळे आणि नाक दोन्हीतून घट्ट स्राव येत असेल, ते मलूल असेल, खोकत असेल, तर डिस्टेंपरची, म्हणजे कुत्र्यांमधल्या एका संसर्गजन्य विषाणूजन्य रोगाची, शंका घ्या. तुमच्या घरच्या कुत्र्यापासून वेगळं ठेवा, त्याला वापरलेलं फडकं कुकीला वापरू नका, आणि घरच्या कुत्र्याचं लसीकरण झालंय ना ते पाहा. अनोळखी कुत्र्याच्या तोंडाजवळ हात घालताना हातमोजे घालाच. लाळ जखमेला किंवा डोळ्याला लागली तर जखम साबणाने आणि पाण्याने, डोळा नुसत्या स्वच्छ पाण्याने धुऊन रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखान्यात जा, इथे चालढकल नाही.

पुढीलपैकी काही दिसलं तर पुसत बसायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं: मिटलेला किंवा मिचकावणारा डोळा, निळसर धुरकट बुबुळ, पिवळा-हिरवा स्राव, एक बाहुली मोठी एक लहान, डोळा फुगून मोठा दिसणं. शेवटचं काचबिंदूचं असू शकतं आणि त्यात नजर एक-दोन दिवसांत जाऊ शकते. आतल्या कोपऱ्यातून लाल मण्यासारखी गाठ वर आली तर ती तिसऱ्या पापणीची ग्रंथी. तातडी तेवढी नाही, पण कोणी कापून टाकू म्हणालं तर दुसरं मत घ्या. डोळ्यातल्या पाण्याचा मोठा वाटा तिच्यातून येतो, ती कापली तर पुढे कोरडा डोळा मागे लागू शकतो, म्हणून ती जागेवर शिवून बसवतात. आणि डोळ्याच्या खाली गालावर गळू येऊन फुटत असेल तर तोंड उघडून वरची दाढ पाहायला सांगा, बऱ्याचदा मूळ तिथे असतं.

कुकीपुरतं सांगायचं तर या आठवड्यात तिला सगळ्यापासून विश्रांती द्या, फक्त हनुवटीचा सराव. पुढच्या आठवड्यात अश्रूंची पट्टी आणि रंगाची तपासणी करून घ्या, डॉक्टरांना आतल्या कोपऱ्यातले केस मुद्दाम पाहायला सांगा, आणि आजवर काय काय घातलं त्याची यादी बोरिकसकट त्यांना द्या. तपासणीत काही निघालं नाही, तर पट्ट्यांवरचे केस ग्रूमरकडून आखूड करून घ्या आणि रोज सकाळी एकदा पुसून कोरडं करा. नवे केस आले की पट्टा पूर्वीपेक्षा फिका दिसेल. पूर्ण पांढरा होईलच असं नाही, आणि डोळे निरोगी असतील तर त्यासाठी आणखी काही करायचं कारणही नाही.